उशिरा येणारे ज्ञान : तारुण्य, प्रजनन-आरोग्य आणि भारतीय कथनसाहित्य

लैंगिकता आणि प्रजनन यांविषयीच्या भारतीय लेखनाची चर्चा दीर्घकाळ श्लील-अश्लील या द्वंद्वाभोवती फिरत राहिली. विरोधकांनी असे लेखन अश्लील ठरवले, समर्थकांनी ते धीट ठरवले. वरवर परस्परविरोधी असलेल्या या दोन्ही भूमिकांचा पाया एकच आहे. दोन्ही लेखकाने काय उच्चारले याकडे पाहतात. कथनातील तरुण व्यक्तीला काय ठाऊक होते, केव्हा ठाऊक झाले, कोणाकडून ठाऊक झाले आणि त्या ज्ञानाचा तिला उपयोग करता आला का, हे प्रश्न मात्र दोन्ही बाजूंकडून अनुत्तरित राहतात. धीटपणा हा लेखकाचा गुण आहे आणि ज्ञान ही पात्राची गरज आहे. समीक्षेने पहिल्याचे मोजमाप करताना दुसरीकडे दुर्लक्ष केले.

बंगाली, मराठी, उर्दू, हिंदी आणि तमिळ या भाषांतील काही निवडक संहिता या प्रश्नांच्या अनुरोधाने वाचल्या, तर एक आकृतिबंध सातत्याने प्रत्ययास येतो. शरीराविषयीचे ज्ञान तरुणांना सर्वस्वी नाकारलेले नसते. ते घटनेनंतर दिले जाते. विवाह आधी, माहिती नंतर. प्रसूती आधी, प्रसूतीचे ज्ञान नंतर. विवाहाच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या अविवाहित तरुणाला तर या ज्ञानाचा श्रोताच मानले जात नाही. या विलंबाने केवळ कथानकांचे आशय घडवलेले नाहीत. आत्मचरित्र, नाट्यसंवाद, प्रश्नोत्तरे, किशोरवयीन दृष्टिकोनातून केलेले निवेदन या रूपांची निवडही त्याने प्रभावित केली आहे.

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झालेले राससुंदरी देवी यांचे 'आमार जीबन' हे बंगाली आत्मचरित्र प्रामुख्याने चोरून अक्षरओळख करून घेणाऱ्या स्त्रीची कथा म्हणून वाचले जाते. हे वाचन योग्यच आहे; परंतु त्याच ग्रंथात दुसरा एक हिशेब आहे. बाराव्या वर्षी विवाह, अठराव्या वर्षी पहिले अपत्य, एकेचाळिसाव्या वर्षी शेवटचे. मधल्या तेवीस वर्षांत बारा बाळंतपणे. अक्षरज्ञान त्यांनी स्वयंपाकघरात लपवलेल्या पोथीच्या पानावरून मिळवले. शरीराविषयीचे ज्ञान मिळवण्यासाठी असे एखादे पान त्यांच्या जगात उपलब्धच नव्हते. त्या तेवीस वर्षांविषयी राससुंदरींचे निवेदन अत्यंत संयत आहे. या संयमाचा अर्थ केवळ लज्जा असा लावणे पुरेसे नाही. ज्या अनुभवासाठी शब्द आणि पर्याय दोन्ही नसतात, तो अनुभव आकडेमोडीच्या रूपानेच कथनात उतरतो.

मराठीत हाच विलंब आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात वेगळ्या स्वरूपात दिसतो. १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाईंचा विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत दगावला. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली, तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. बाळंतपण आधी आणि प्रसूतिशास्त्र सात वर्षांनी, हा क्रम त्यांच्या आयुष्यात अक्षरशः घडला. १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचा मृत्यू झाला आणि मिळवलेले ज्ञान इतर तरुणींपर्यंत पोहोचवण्याची संधी त्यांना लाभली नाही. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने पती-पत्नी संबंधांचे नाट्य मराठी वाचकांच्या मनात ठसवले. त्या नाट्याच्या प्रभावामुळे प्रबंधाच्या विषयाची निवड हा तपशील मात्र गौण ठरला. तुलनेच्या दृष्टीने तोच तपशील अधिक बोलका आहे.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठी संमतीचे वय दहावरून बारा केले आणि १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. या दोन्ही वेळी झालेले वाद धर्म, परंपरा आणि परकीय सत्तेचा हस्तक्षेप यांच्या भाषेत झाले. मुलीला काय ठाऊक असावे हा प्रश्न त्या वादांच्या केंद्रस्थानी नव्हता. वय वाढवले गेले. त्या वाढलेल्या वयात कोणते ज्ञान द्यावे, याविषयी सार्वजनिक चर्चा जवळजवळ झालीच नाही.

२

ही उणीव १९३० च्या दशकाच्या आरंभी तीन भिन्न ठिकाणी, तीन भिन्न वाङ्मयरूपांतून एकाच वेळी उघड झाली. १९३२ च्या अखेरीस लखनौ येथे 'अंगारे' हा उर्दू संग्रह प्रसिद्ध झाला आणि १९३३ च्या मार्चमध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने त्यावर बंदी घातली. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध होऊन मराठी समाजात खळबळ उडाली. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल मुंबईत खटला चालला. या तीन घटनांचा परस्परांवर प्रत्यक्ष प्रभाव पडल्याचे दाखवता येत नाही. म्हणूनच त्यांचे समकालीनत्व तौलनिक अभ्यासासाठी महत्त्वाचे ठरते. प्रभावाच्या अभावी साम्य दिसते, तेव्हा त्याचा शोध सामाजिक रचनेत घ्यावा लागतो.

कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी सुरू झाले होते. या कार्यामुळे गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यांना १९२५ मध्ये सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाङ्मयेतिहासांत त्यांची नोंद बहुधा समाजसुधारक अशी होते. गद्यलेखक म्हणून होत नाही. त्यांच्या मासिकातील प्रश्नोत्तरांचे सदर हे मात्र मराठी गद्यातील एक स्वतंत्र रूप मानावे लागेल. आत्मचरित्रात अनुभव आधी येतो आणि बोलणे नंतर. प्रश्नोत्तरात हा क्रम उलटण्याची शक्यता असते : विचारणारा कृतीपूर्वी विचारू शकतो. तो निनावी राहू शकतो, त्यामुळे त्याच्या विवाहाची चौकशी ज्ञानाची पूर्वअट ठरत नाही. हस्तमैथुनाविषयी भयग्रस्त असलेल्या तरुणाला ते भय निराधार असल्याचे कोरड्या, अलंकारहीन वाक्यात सांगणे, ही शैलीच येथे उपचाराचा भाग बनते. कर्वे यांच्या गद्याचा रुक्षपणा हा गुण म्हणून वाचला पाहिजे. लज्जेने भारलेल्या विषयाला त्यांनी गणिताच्या उदाहरणाइतके सामान्य करून टाकले.

१९३४ च्या खटल्यात आक्षेप होता तो नेमका या उत्तरांवर. बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, ही बचावाची भूमिका न्यायालयाने स्वीकारली नाही आणि कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला. या प्रकरणाचे स्मरण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासातील एक पर्व म्हणून केले जाते. तथापि, त्यात दुसराही एक पक्ष होता, जो न्यायालयात हजर नव्हता. तो म्हणजे प्रश्न विचारणारा वाचक. दंड लेखकाला झाला, परंतु विचारण्याच्या कृतीवरही त्याच निकालाने दोष ठेवला.

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांचे शिक्षण धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत झाले होते. स्त्रियांना पदवीपर्यंत नेणारे ते शिक्षण आणि त्यांच्याच चिरंजीवांनी चालवलेले 'समाजस्वास्थ्य' यांच्यामधील अंतर हाच 'कळ्यांचे निःश्वास'चा प्रदेश आहे. त्या कथांतील सुशिक्षित अविवाहित तरुणींचे वय वाढलेले आहे, वाचन वाढलेले आहे, मिळकतही काहींच्या हाती आली आहे. स्वतःच्या शरीराविषयी बोलण्याचा मार्ग मात्र त्यांना मोकळा झालेला नाही. शिक्षण मिळाले म्हणजे आरोग्याचे ज्ञान आपोआप मिळते, या सुधारणावादी गृहीतकाला या कथांनी आतूनच तडा दिला. लेखिका कोण, याविषयी उठलेल्या कुतूहलाच्या गदारोळात समकालीन समीक्षेने हे प्रश्नचिन्ह बाजूला सारले.

मालतीबाईंप्रमाणेच १९०५ मध्ये जन्मलेल्या रशीद जहाँ यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेतले होते. 'अंगारे'मधील त्यांची 'पर्दे के पीछे' ही छोटी नाटिका म्हणजे दोन स्त्रियांचा पडद्याआडचा संवाद आहे. मुहम्मदी बेगम अवघ्या बत्तिसाव्या वर्षी म्हातारी दिसू लागली आहे. लागोपाठच्या बाळंतपणांनी तिचे गर्भाशय खाली सरकले आहे, आणि शस्त्रक्रिया झाली तीदेखील पतीच्या सुखाच्या हिशेबाने. या संवादातील महत्त्वाची बाब अशी, की येथे डॉक्टरीण आहे, पैसा आहे, उपचारही झाला आहे. राससुंदरींच्या जगात जे नव्हते ते सर्व मुहम्मदी बेगमच्या हाताशी आहे. तरीही निर्णय तिच्या हाती नाही. सेवेची उपलब्धता आणि सेवेवरील अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या नाटिकेने एका प्रवेशात सिद्ध केले. नाट्यरूपाची निवडही अर्थपूर्ण आहे. पडद्याआड दोन स्त्रिया बोलतात तेव्हा ज्ञानाची देवघेव होते. परंतु ती मुहम्मदी बेगमच्या शरीराची हानी होऊन गेल्यानंतरची आहे.

३

वरील संहितांत बोलणारी व्यक्ती प्रौढ आहे. तरुणाच्या अज्ञानाला निवेदनाचा दृष्टिकोन बनवण्याचे काम कादंबरीने केले. जैनेंद्रकुमार यांच्या १९३७ मधील 'त्यागपत्र' या हिंदी कादंबरीत मृणालची कथा तिचा भाचा प्रमोद सांगतो. मृणालच्या कोवळ्या प्रेमाला छडीचा मार मिळतो, घाईने विवाह लावला जातो, पती तिला घराबाहेर काढतो, एका कोळसेवाल्याच्या आश्रयाने राहताना ती गर्भवती होते. किशोरवयीन प्रमोद हे सर्व पाहतो. त्याचा अर्थ मात्र त्याला लागत नाही. पुढे तो न्यायाधीश होतो, अर्थ लागतो आणि पदाचा राजीनामा देतो. या राजीनाम्याकडे नैतिक प्रायश्चित्त म्हणून पाहिले गेले आहे. ज्ञानाच्या काळाच्या दृष्टीने पाहिले असता तो उशिरा आलेल्या समजुतीचा दस्तऐवज ठरतो : समजले तेव्हा मदत करण्याजोगे कोणी उरले नव्हते.

सलमा यांच्या २००४ मधील 'इरंडाम जामंगळिन कदै' या तमिळ कादंबरीतही राबिया या लहान मुलीची नजर केंद्रस्थानी आहे. तमिळनाडूतील एका मुस्लिम वस्तीतील मोठ्या स्त्रियांच्या बोलण्याचे तुकडे ती ऐकते. वयात येणे म्हणजे शाळा सुटणे, असे ते जग आहे. स्वतः सलमा यांचीही शाळा त्याच कारणाने सुटली होती. जैनेंद्रकुमारांचा प्रमोद शेवटी सत्तेच्या स्थानावर पोहोचतो आणि तेथून मागे वळून पाहतो. राबियाला असे उत्तरकालीन आसन मिळत नाही. तिचे अज्ञान आणि वाचकाचे ज्ञान एकाच वेळी चालू राहतात, आणि तिच्यासाठी काय वाढून ठेवले आहे ते वाचकाला तिच्या आधी कळते. पाळीची पहिली चाहूल लागताच शिक्षण थांबते, म्हणजे ज्या क्षणी माहितीची गरज सर्वाधिक असते त्याच क्षणी माहितीचे दार बंद होते. दोन कादंबऱ्यांमध्ये सदुसष्ट वर्षांचे, दोन भाषाकुलांचे आणि दोन धर्मसमाजांचे अंतर आहे. विलंबाची रचना मात्र ओळखीची आहे. म्हणूनच तिचा दोष एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा प्रांताच्या माथी मारण्याचा मोह तौलनिक अभ्यासाने टाळला पाहिजे.

४

या विवेचनाला एक गंभीर मर्यादा आहे, आणि ती दलित आत्मकथनांनी दाखवून दिली आहे. बेबी कांबळे यांच्या १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या 'जिणं आमुचं'मध्ये महार समाजातील कोवळ्या वयाच्या मुलींची बाळंतपणे येतात. तेथे लज्जेचा पडदा मध्यमवर्गीय घरांसारखा नाही. बाळंतपण ही वस्तीच्या डोळ्यांसमोर घडणारी घटना आहे, सुईण आहे, भोवती जाणत्या बायका आहेत. नाही ते अन्न, स्वच्छ कापड आणि वैद्यकीय मदत. बाळंतिणीच्या पोटातील भूक हीच तेथील मुख्य आरोग्यसमस्या आहे. केवळ 'ज्ञान उशिरा येते' या सूत्राने ही संहिता वाचली तर तिच्यावर अन्याय होईल. माहिती असूनही सोय नसणे ही स्वतंत्र वंचना आहे, आणि तिचे मूळ जातिव्यवस्थेने ठरवलेल्या उपासमारीत आहे.

या दृष्टीने कर्वे यांच्या प्रकल्पाचीही फेरतपासणी करता येते. प्रश्न पाठवण्यासाठी लिहिता-वाचता येणे, टपालखर्च आणि थोडा एकांत लागत असे. 'समाजस्वास्थ्य'चा निनावी प्रश्नकर्ता विवाहाच्या अटीतून मुक्त होता. साक्षरतेच्या आणि अर्थातच जातीच्या अटीतून नव्हे. आंबेडकरांनी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले, एवढेच नव्हे तर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात अशा प्रस्तावामागेही त्यांची भूमिका होती. या दोन कृतींमधील संगती येथे स्पष्ट होते. पहिली कृती ज्ञानाच्या हक्कासाठी होती, दुसरी सोयीच्या हक्कासाठी. प्रस्ताव फेटाळला गेला. परंतु ज्ञान आणि सोय ही एकाच मागणीची दोन अंगे आहेत, याची जाण त्या काळातील ललित साहित्यापेक्षा या राजकीय भाषणव्यवहारात अधिक स्पष्ट होती, हे मान्य करावे लागते.

५

साहित्यात आढळणारी ही रचना कायद्याच्या आणि शासनव्यवहाराच्या भाषेतही वाचता येते. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याच्या कारणाची तरतूद केली, तेव्हा तिचे शब्द 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या अर्थाचे होते. २०२१ च्या दुरुस्तीने त्या जागी 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' या अर्थाची शब्दयोजना आली. या दोन शब्दांच्या बदलाला पन्नास वर्षे लागली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. 'कळ्यांचे निःश्वास'मधील अविवाहित तरुणी कायद्याच्या वाक्यात कर्ता म्हणून आली ती अशी, जवळजवळ नव्वद वर्षांनी.

अठरा वर्षांखालील मुलींबाबत हे वाक्य अद्याप गुंतागुंतीचे आहे. गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती आवश्यक असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी आलेला शरीरसंबंध हा गुन्हा ठरतो आणि त्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर, म्हणजे डॉक्टरवरही, ती कळवण्याचे बंधन असते. संरक्षणाच्या हेतूने केलेली ही तरतूद परस्परसंमतीने एकत्र आलेल्या किशोरवयीनांना दवाखान्यापासून दूर ठेवू शकते, हे ओळखून २०२२ च्या त्याच निर्णयात न्यायालयाने अशा प्रसंगी, मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही असे स्पष्ट केले. निनावीपणाचे मूल्य येथे पुन्हा मान्य झाले. 'समाजस्वास्थ्य'च्या सदराचा तर्क आणि या निर्णयाचा तर्क यांच्यातील नाते लक्षणीय आहे : नाव विचारले नाही तरच प्रश्न विचारला जातो.

शिक्षणाच्या क्षेत्रात प्रवास असा सरळ झाला नाही. २००५ मध्ये आखलेल्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला २००७ मध्ये महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक यांसह अनेक राज्यांत विरोध होऊन तो थांबवण्यात आला. आक्षेपांची भाषा संस्कृती आणि मर्यादा यांची होती. १९३४ च्या न्यायालयातील शब्दकोश फारसा बदललेला नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये दहा ते एकोणीस वर्षे वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील समवयस्क मार्गदर्शकाला 'साथिया' म्हटले गेले आणि महाराष्ट्रातील किशोरवयीनांसाठीच्या दवाखान्यांना 'मैत्री' हे नाव मिळाले. शासनाने येथे वडीलधाऱ्याचा स्वर टाळून मित्राचा स्वर स्वीकारला आहे, आणि ही निवड साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. मात्र नावाने निर्माण केलेली जवळीक प्रत्यक्ष दवाखान्यात टिकते का, हा प्रश्न रशीद जहाँ यांच्या नाटिकेने आधीच विचारून ठेवला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, पंधरा ते एकोणीस वयोगटातील ६.८ टक्के मुली माता झालेल्या किंवा गर्भवती होत्या आणि वीस ते चोवीस वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. हे आकडे आधीच्या फेरीपेक्षा कमी आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु संततिनियमनाची अपूर्ण राहिलेली गरज मोजणारा प्रचलित निर्देशांक विवाहित स्त्रियांपुरता मर्यादित आहे. म्हणजे अविवाहित तरुणीची गरज त्या रकान्यात अपूर्ण म्हणूनही नोंदली जात नाही. तिची अनुपस्थिती हा सर्वेक्षणाच्या वाक्यरचनेचा परिणाम आहे, आणि वाक्यरचनेचे परिणाम वाचणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.

वरील संहितांच्या तुलनेतून तीन वंचना वेगवेगळ्या करून पाहता येतात. राससुंदरी आणि प्रमोद यांच्याकडे ज्ञान नव्हते, बेबी कांबळे यांच्या वस्तीतील बाळंतिणींकडे सोय नव्हती, मुहम्मदी बेगमकडे अधिकार नव्हता. एकीचे उत्तर दुसरीला लागू पडत नाही. माहितीपत्रके वाटून भूक भागत नाही आणि दवाखाना उघडून निर्णयाचा हक्क मिळत नाही. श्लील-अश्लीलतेच्या चर्चेत हे भेद पुसले जातात, कारण त्या चर्चेत लेखक आणि नियंत्रक हे दोनच पक्ष असतात. तिसरा पक्ष वाचकाचा, आणि त्यातही तरुण वाचकाचा आहे. कर्वे यांच्या प्रश्नोत्तरांना भारतीय गद्याच्या इतिहासात स्थान देण्याचा आग्रह त्यासाठीच धरला पाहिजे. या परंपरेत तरुणाने घटनेच्या आधी विचारले आणि त्याला वेळेवर उत्तर मिळाले, असे प्रसंग फार थोडे आहेत. ते ज्या पानांवर घडले, ती पाने वाङ्मयाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कोणतेही समर्थनीय कारण आज उरलेले नाही.